ज्ञान, क्रिया आणि वाचा-उपचाराचे शिक्षण

वाचा-भाषा उपचार या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो. चार वर्षांची पदवी झाली, त्यात एक वर्षाची इंटर्नशिप झाली, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली. मग आणखी दोन वर्षे कशासाठी? मुलांना बोलायला शिकवण्यासाठी इतकी पुस्तके लागतात का? आणि लागत असतील, तर अर्धा दिवस रुग्णालयात का घालवायचा? आमच्याकडे हा प्रश्न दुकानाच्या गादीवर, लग्नमंडपात आणि पर्युषणात प्रवचन सुटल्यावरही विचारला गेला. विचारणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता. पैसा आणि काळ यांचा हिशेब मागण्याची व्यापारी घराला सवय असते आणि ती चांगली सवय आहे. तो हिशेब येथे मांडत आहे.

या विषयाचा विस्तार सामान्य समजुतीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. उशिरा बोलणारे मूल, तोतरेपणा, दुभंगलेला टाळू, जन्मतः कर्णबधिर बालक, अर्धांगवायूनंतर गेलेली वाचा, घास गिळताना होणारा त्रास, हे सारे त्यात येते. बाजार समितीच्या आवारात वर्षानुवर्षे लिलाव पुकारून ज्याचा आवाज बसला आहे, तो अडत्याही आमच्याकडेच येतो. आपल्या देशात या शिक्षणाची पद्धतशीर सुरुवात १९६० च्या दशकाच्या मध्यास मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूर येथील राष्ट्रीय संस्था यांच्याकडून झाली. वांद्र्याची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. म्हणजे आपल्या आजोबांच्या तरुणपणी हा व्यवसाय आपल्याकडे जवळजवळ नव्हताच. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना तो नीट ठाऊक नसणे स्वाभाविक आहे.

पदव्युत्तर वर्गातील दिवस दोन भागांत विभागलेला असतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी व्याख्याने. सकाळी प्रत्येक रुग्णासाठी आधीच लिहून मंजूर करून घेतलेली योजना हातात असते. आज कोणते उद्दिष्ट, ते कोणत्या सरावाने साधायचे, दहापैकी किती प्रयत्न बरोबर आले म्हणजे पुढे जायचे, हे सारे त्यात लिहावे लागते. पर्यवेक्षक शिक्षिका मागे बसून पाहतात आणि सत्र संपल्यावर कारणे विचारतात. दुपारी मेंदूची रचना, भाषाविकास, स्वरयंत्र, गिळण्याची क्रिया, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षी त्यात लघुप्रबंधाची भर पडते. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या योजना लिहायच्या असतात. रात्र वाचनासाठी, असे वेळापत्रकात असते. प्रत्यक्षात डोळे मिटत असतात.

शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचीही यातून सुटका नाही. तेथील अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव लागतो. त्यातील २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे असतात. पदवी हाती आल्यानंतरही किमान ३६ आठवड्यांची, १,२६० तासांची फेलोशिप पूर्ण करावी लागते. पुस्तक आणि रुग्ण या दोहोंना वेळ कसा द्यायचा, हा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांनाही तितकाच छळतो.

ही ओढाताण दोन प्रकारे बिघडू शकते. रुग्ण समोर बसलेला असतो, त्याचे नातेवाईक दूरवरून आलेले असतात. पुस्तक मात्र कपाटात निमूट वाट पाहते. त्यामुळे क्लिनिक हळूहळू सारा वेळ खाऊन टाकते. मग विद्यार्थिनी कष्ट भरपूर करते, पण आपण हाच सराव का घेत आहोत, हे तिला सांगता येत नाही. याच्या उलट, परीक्षा जवळ आली की क्लिनिकमध्ये तीच चित्रांची पत्ते-जोडी सर्वांपुढे ठेवली जाते आणि मन मात्र दुपारच्या टिपणांत असते. दोन्ही प्रकारांत नुकसान रुग्णाचे होते आणि त्याला ते कळतही नाही.

ज्ञान आणि क्रिया यांच्या या नात्याचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. आवश्यक निर्युक्तीत त्यासाठी एक दृष्टांत दिला आहे. दिगंबर परंपरेत अकलंकदेवांच्या राजवार्तिकातही तो भेटतो. वनाला आग लागली. आंधळ्याला धावता येत होते, पण वाट दिसत नव्हती. पांगळ्याला वाट दिसत होती, पण पाऊल टाकता येत नव्हते. वेगवेगळे राहिले तर दोघेही जळणार. एकाने दुसऱ्याला खांद्यावर घेतले तर दोघेही वाचणार. दृष्टांत मोक्षमार्गाचा आहे, त्याला लौकिक शिक्षणाच्या पातळीवर ओढू नये, हे मी जाणते. परंतु त्या दोन वर्षांत या दृष्टांताची मला वारंवार आठवण झाली आणि तिचा उपयोगही झाला. तो कसा, हे तीन रुग्णांच्या निमित्ताने सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत.

पहिले रुग्ण एक वयस्कर किराणा व्यापारी. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली होती. त्यांना समजत सर्व होते, पण स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. एके दिवशी त्यांच्या पत्नीने नवकार मंत्र सुरू केला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत स्पष्ट म्हटला. घरात आनंद झाला आणि पाठोपाठ गैरसमजही. मंत्र म्हणता येतो, मग पाणी मागता का येत नाही? दादा मुद्दाम बोलत नाहीत, असे मुलगा म्हणू लागला.

येथे पुस्तक उपयोगी पडले. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला ‘टॅन’ या एका ध्वनीपलीकडे जवळजवळ काहीच उच्चारता येत नव्हते. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. त्यानंतर ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने आणखी एक भेद दाखवला. विचार करून नवे वाक्य रचणे वेगळे आणि पाठ झालेले, सवयीने येणारे बोलणे वेगळे. पहिले हरपले तरी दुसरे टिकून राहू शकते. हा भेद समजावून सांगितल्यावर मुलाच्या चेहऱ्यावरील राग ओसरला. त्या घरात वडिलांवरचा संशय दूर होणे हाच पहिला उपचार होता.

पुढचे पाऊल क्लिनिकने शिकवले. मंत्रातील एखादे पद अर्ध्यावर थांबवून त्यातून शब्द काढता येईल का, असा विचार माझ्या योजनेत होता. तो मी त्यांना आधी सांगितला. त्यांनी ठामपणे मान हलवली. मंत्र हे सरावाचे साधन नव्हे, हे त्यांचे म्हणणे शब्दांवाचून पोहोचले. मग पर्यवेक्षक बाईंनी विचारले, यांच्या पिढीच्या व्यापाऱ्याला दुसरे काय पाठ असेल? पावकी, निमकी, दिडकी! लहानपणी घोकलेले ते पाढे त्यांच्या तोंडून सरळ बाहेर पडले. पाढे म्हटल्याने संभाषण येत नाही, हेही पुस्तकातच आहे. पाढ्यांनी फक्त आवाज मोकळा झाला. त्यानंतर सुरावर आणि ठेक्यावर छोटी वाक्ये बसवण्याच्या पद्धतीकडे वळलो. बॉस्टनमधील संशोधकांनी ती १९७३ मध्ये मांडली होती. ‘पाणी दे’, ‘बस इथे’, ‘नको मला’ अशा वाक्यांवर कित्येक आठवडे गेले. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा बहुधा वेगाने होते. नंतर ती मंदावते, पण थांबतेच असे नाही. हे घरच्यांना आधीच सांगितल्यामुळे ते नियमित येत राहिले.

दुसरी गोष्ट साडेतीन वर्षांच्या मुलीची. घरात मारवाडी, सांभाळणाऱ्या बाईंची मराठी आणि बालवाडीत इंग्रजी. शाळेत ती एक शब्द बोलत नसे. कोणीतरी सल्ला दिला की तीन भाषांनी मूल गोंधळले आहे, घरात फक्त इंग्रजी बोला. परिणामी आजीने नातीशी बोलणेच सोडले, कारण आजीला इंग्रजी येत नव्हते. एकाहून अधिक भाषा ऐकल्याने भाषेचा विकार जडतो, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. खरा विकार असेल तर तो मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. एखादी भाषा नुकतीच कानावर पडू लागली असेल, तर अडचण केवळ त्या भाषेत दिसते. म्हणून प्रथम श्रवणचाचणी करून घेतली, ती निर्दोष आली. नंतर आजींना सत्रात बोलावले. दहा मिनिटांत मुलगी आजीशी मारवाडीत पूर्ण वाक्यांत भांडू लागली. तिला उपचाराची गरज नव्हती. घराला आजीचे बोलणे परत हवे होते.

याच वर्गात मला पुस्तकाच्या मर्यादाही दिसल्या. आमची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषेवर उभी आहेत. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ या शब्दांतील दोन वेगळे च, ‘बाळ’ मधला ळ, किंवा ‘आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले’ असे कर्मानुसार बदलणारे क्रियापद त्यांत सापडत नाही. मराठी मूल कोणत्या वयात काय बोलते, हे समजण्यासाठी विद्यार्थ्याला मराठी मुलांपुढेच बसावे लागते.

सिद्धांत बदलतात, हेही लक्षात ठेवावे लागते. १९२० आणि १९३० च्या दशकांत आयोवा विद्यापीठात तोतरेपणाचे कारण मेंदूच्या दोन भागांतील वर्चस्वाच्या गोंधळात शोधले जात होते आणि त्यानुसार काहींना डावा हात वापरण्याचा सराव देण्यात येई. पुढे तो उपाय मागे पडला. तेथेच तयार झालेले चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे बोलत असत. त्यांनी १९३६ मध्ये मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथे क्लिनिक सुरू केले आणि अडखळणे लपवण्यासाठी केलेली झटापट कमी करून, सहजपणे अडखळत बोलण्याची पद्धत विकसित केली. आपल्याकडे गल्ल्यावर बसलेला तोतरा मुलगा फोन उचलण्याचे टाळतो आणि घरचे त्याला ‘सावकाश बोल’ असे पुन्हा पुन्हा बजावतात. त्या बजावण्याने झटापट वाढते, हे त्याच्या शेजारी बसल्यावर समजते.

तिसऱ्या रुग्ण एक आजी. मेंदूच्या आजारानंतर पातळ पदार्थ त्यांच्या श्वासनलिकेत उतरत होते आणि त्यातून न्यूमोनियाचा धोका होता. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, म्हणून केवळ बाहेरून पाहून भागत नाही. क्ष-किरणांखाली गिळण्याची चित्रफीत घ्यावी लागते. अन्नाच्या घट्टपणाचे शून्य ते सात असे आठ आंतरराष्ट्रीय स्तर ठरलेले आहेत. आजींना चौथ्या स्तराचे, चमच्यावर आकार धरून राहणारे आणि चमचा कलता केल्यास सहज सुटून पडणारे अन्न सुचवले गेले. पुस्तकातील पहिले उदाहरण होते कुस्करलेला बटाटा. आजी कंदमूळ खात नव्हत्या, तिथीला हिरवे वर्ज्य होते आणि चौविहाराचे व्रत कित्येक वर्षांचे होते.

पुराव्यावर आधारित उपचाराची तीन अंगे आम्हाला शिकवली जातात: संशोधन, उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची मूल्ये व इच्छा. परीक्षेत तिन्ही लिहिता येतात. त्यातील तिसऱ्याचा अर्थ मला आजींच्या खाटेशेजारी उमगला. त्यांच्या सूनबाईंनी मुगाचे घट्ट वरण आणि मऊ भात एकत्र वाटून, गाळून आणला. आम्ही चमचा कलता करून त्याची परीक्षा घेतली आणि ती रोज घरी कशी घ्यायची, हे त्यांना शिकवले. घट्ट केलेले पाणी रुग्ण कमी पितात, त्यामुळे शरीरातील पाणी घटू शकते. चौविहारात तो धोका वाढतो. म्हणून नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंत दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडे थोडे पाणी, असा तक्ता डॉक्टरांच्या संमतीने केला. रात्रीच्या औषधाचे काय, हे घरच्यांनी साध्वीजींना विचारले. प्रत्याख्यानात अशा प्रसंगासाठी आगार असतो, हे त्यांनी आजींना समजावले. आजींनी रात्रीचे औषध स्वीकारले, आहाराची वेळ मात्र सूर्यास्तापूर्वीचीच ठेवली. निर्णय त्यांचा होता; आमचे काम तो सुरक्षित करण्याचे होते.

आता समतोलाचा प्रश्न. माझ्या मते वेळेची निम्मी-निम्मी वाटणी करून तो सुटत नाही. मला उपाय सापडला तो वडिलांच्या पेढीवर. रोजमेळात दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने उतरतो. खतावणी केल्यावर तो ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. नुसता रोजमेळ असेल तर कोणाचे किती येणे आहे ते कळत नाही, आणि रोजमेळावाचून खातेवही लिहिणे म्हणजे कल्पनेचे आकडे. क्लिनिकची नोंद हा माझा रोजमेळ झाला. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या एका रुग्णाविषयी एकच प्रश्न लिहायचा आणि रात्री त्याचेच उत्तर पुस्तकात शोधायचे. अख्खे प्रकरण वाचायला वेळ नसे, पण दोन पाने निश्चित होत. आठवड्याच्या शेवटी ती पाने विषयवार मांडली की परीक्षेची टिपणे तयार होत. उलट दिशेनेही हेच करायचे. व्याख्यानात ऐकलेली एखादी गोष्ट कोणत्या रुग्णात दिसते, हे दुसऱ्या दिवशी पाहायचे आणि दिसली नाही तर बाईंना विचारायचे. याने काम कमी झाले नाही. परंतु दोन वेगवेगळी ओझी वाहण्याचा भाव गेला.

यात घराचा वाटा फार मोठा आहे आणि म्हणूनच हे या मासिकात लिहावेसे वाटले. आपल्या घरांत मुलीचे शिक्षण म्हणजे परीक्षा, असे अजून धरले जाते. ‘परीक्षा नाही ना, मग बुधवारी साखरपुड्याला ये’ हे प्रेमाचे बोलावणे असते. पण बुधवारी साठ किलोमीटरवरून एसटीने एक रुग्ण येतो आणि त्याची आठवड्यातील ती एकच वेळ असते. दुकानात एक भाऊ गेला तर दुसरा गादीवर बसतो. येथे तशी सोय सहसा नसते. स्थळ ठरताना काही ठिकाणी असेही सुचवले जाते की क्लिनिक सोडावे, केवळ परीक्षा द्यावी. हा अभ्यासक्रम तसा पुरा होत नाही आणि होऊही नये. अशी पदवी घेतलेल्या व्यक्तीच्या हाती आपण स्वतःची आजी सोपवू का, एवढे मनाशी विचारावे.

दुसरी विनंती आपल्या संस्थांना आहे. समाजाच्या निधीतून शुल्क आणि पुस्तके यांसाठी मदत मिळते, तिचे मोल मोठे आहे. दूरच्या रुग्णालयातील किंवा विशेष शाळेतील पोस्टिंगसाठी प्रवास आणि निवास यांचा खर्च मात्र त्यात सहसा बसत नाही. तो बसवावा. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. साडेपाचला रुग्णालयातून निघालेली मुलगी बोर्डिंगच्या भोजनगृहात वेळेत पोहोचत नाही. व्रत पाळणारी अशी मुलगी मग उपाशी राहून रात्री वाचायला बसते. तिच्यासाठी सकाळीच एक डबा जास्तीचा भरून दिला, तर ती चार वाजताच्या मधल्या सुटीत जेवू शकेल. याला फार खर्च नाही. कोणीतरी सकाळी आठवणीने एवढे करावे लागते.

जय जिनेंद्र.